आत्याबाईंची नागीण

आत्याबाई, आज सकाळी तुमच्या मुलाला कुशीवर वळवताना माझ्या हाताचा जोर जरा जास्तच लागला. ते काही बोलले नाहीत. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना बोलता येतं ते फार थोडं, पाणी मागता येतं आणि मला हाक मारता येते. पण त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं माझ्या ओळखीचं होतं. तुम्ही असंच बघायचात. तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जाईनात, म्हणून दुपारी ह्यांचा डोळा लागल्यावर कागद घेऊन बसले आहे. तुम्हाला जाऊन एक जन्म उलटला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुमच्या हयातीत मी तुमच्यापुढे मनातलं असं काही कधी बोलले नाही. तेव्हा हे कशासाठी लिहितेय ते मला नीट सांगता येणार नाही. दमले आहे, एवढं खरं. मुलं फोनवर म्हणतात, आई, बाई ठेव. ठेवली होती, दोन महिन्यांत गेली. मुलांना दमणं म्हणजे काय ते सांगत बसायला नको वाटतं. तुम्हाला सांगावं लागणार नाही असं वाटलं.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्याच्या आदल्या वर्षी मी तुमच्या घरात आले. माहेर हातकणंगल्याजवळचं, घरात शेती, पण वडिलांनी हट्टानं मला सातवीपर्यंत शिकवलेलं. तुमच्या घरात पुढं दोन खोल्या आणि मागं गोठा. मामंजी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेले. तुमचा मुलगा शाहूपुरीत गुळाच्या पेढीवर कामाला जायचा आणि घर खरं चालायचं ते तुमच्या म्हशींवर. धार तुम्ही काढायचात, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाहीत. पहाटे उठून परसात येते तर तुम्ही उकिडव्या बसलेल्या, काष्टा घट्ट मारलेला, दोन्ही गुडघ्यांत दुधाची कासांडी धरलेली, आणि म्हशीशी तुमचं बोलणं चाललेलं. माझ्याशी दिवसभरात जेवढं बोलायचात त्याच्यापेक्षा जास्त बोलणं त्या एका धारेत व्हायचं. गिऱ्हाईक दारात भांडं घेऊन उभं असायचं आणि तुमचा आवाज रस्त्याच्या टोकाला ऐकू जायचा. मी एकदा म्हटलं, मला शिकवा. तुम्ही माझ्या हातांकडे बघितलंत आणि म्हणालात, "पुस्तक धरणाऱ्या हाताला म्हस पान्हा सोडत न्हाय." मला ते फार लागलं होतं. आज वाटतं, तुम्हाला ते हात मऊ आहेत एवढंच म्हणायचं असेल. पण तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि लावून घ्यायला मला फार काही लागत नव्हतं.

मग ती पंचमी आली. आपली थोरली तेव्हा दोन वर्षांची होती. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पुरणाची दिंडं उकडून ठेवली होती. पण पोरीला गोड नको होतं, ती भातासाठी आणि भाजीसाठी रडत होती, आणि तुम्ही वारुळाला गेला होतात. मी विळी घेतली आणि एक दोडका चिरला. मागच्या घरातल्या काकू भिंतीवरनं बघत होत्या ते मला कळलंच नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत तुमच्या उजव्या कुल्ल्यात आणि मांडीच्या मागच्या बाजूला दुखायला लागलं. तुम्ही म्हणालात, लाथ बसली असंल म्हशीची. लाथ कधी बसली ते तुम्हाला आठवत नव्हतं. मग एका सकाळी तुम्ही धार अर्धी टाकून उठलात. मी तुमच्या घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. तुम्ही आत आलात, मला बोलावलंत, दार लावायला सांगितलंत आणि माझ्याकडे पाठ करून लुगडं वर केलंत. कुल्ल्यावर, माकडहाडाच्या अलीकडे, आणि तिथून आत, बाईच्या जागेपर्यंत, एकाच अंगाला लालभडक फोडांचे पुंजके आले होते. "काय हाय गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "नागीण वाटतीया, आत्याबाई." तुम्ही लुगडं खाली सोडलंत आणि म्हणालात, "कुणाला सांगू नगंस कुठं झालीया ते."

नागीण उतरवणारा एक म्हातारा आपल्या पेठेत होता. फोडांभोवती शाईनं काहीतरी लिहायचा आणि मंत्र म्हणायचा. नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातं असं सगळेच मानायचे. ह्यांनी त्याला बोलवायची गोष्ट काढली, तर तुम्ही अशा काही ओरडलात की ते पायताण घालून पेढीवर निघून गेले. ती जागा तुम्ही पुरुषाला दाखवणार नव्हतात, मग मरण आलं तरी चालेल. म्हणून कावेचा लेप मी करायचा ठरलं. रोज सकाळी दार लावून तुम्ही पालथ्या पडायचात, तोंडावर पदर ओढून घ्यायचात, आणि मी बोटानं लाल काव लावायची. तुम्ही दात आवळलेले मला ऐकू यायचे. कण्हायचा नाहीत. एकदाच म्हणालात, "मिरच्या वाटून चोळल्यागत आग हुतीया." बाहेर काकू येऊन बसायच्या आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला दोडक्याची गोष्ट सांगायच्या. सुनेनं पंचमीला विळी धरली, नाग चिरला, म्हणून सासूला नागीण झाली. दोन खोल्यांच्या घरात ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं असं नाही. तुम्ही व्हय म्हणाला नाहीत आणि न्हायही म्हणाला नाहीत. मला वाटायचं, एकदा तरी म्हणा, तिचं काय चुकलं. नाहीतर मला दोन शिव्या द्या, मी ऐकून घेते. पण तुम्ही गप्प राहिलात, आणि कावेची वाटी हातात घेतली की मला खरंच वाटायला लागायचं की हे मीच केलं.

फोड वाळायला लागले तशी मला आशा वाटली. पण तेव्हाच दुसरं सुरू झालं. तुमचं लुगडं सारखं ओलं व्हायला लागलं. थेंब थेंब गळायचं, तुम्हाला कळायचंही नाही. तुमच्यासारखी बाई, जी अंगाला शेणाचा वास येऊ नये म्हणून संध्याकाळी दुसऱ्यांदा आंघोळ करायची, ती जुन्या धोतराच्या घड्या घेऊन कोपऱ्यात पडून राहायला लागली. बायका म्हणाल्या, वय झालं, आता आवरायचं नाही. आम्ही तुमचं पाणी कमी केलं. तुम्हीच सांगितलंत कमी करायला. पोट साफ होणं थांबलं, एरंडेल देऊन झालं. उठून चालायला गेलात की उजवं पाऊल पुढून उचलत नव्हतं, अंगठा जमिनीला घासायचा, उंबऱ्याला दोनदा अडखळलात. त्यात पोरीच्या अंगावर पुरळ आलं, कांजिण्याच होत्या, आणि काकूंनी सांगितलं की देव अजून शांत झालेला नाही. त्या दिवसांत मी कधी जेवायची ते मला आठवत नाही. म्हशी आटत चालल्या होत्या, कारण ह्यांना धार येत नव्हती, मला तुम्ही शिकवलेली नव्हती, आणि गल्लीतला गवळी सवड होईल तेव्हा येऊन काढून जायचा.

एका सकाळी तुम्हाला कुशीवर करताना माझा हात तुमच्या पोटावर पडला. बेंबीच्या खाली घट्ट गोळा होता, कलिंगडासारखा. मी दाबलं तर तुमच्या तोंडून आवाज निघाला आणि लुगडं जास्त ओलं झालं. मला काही कळत नव्हतं, पण हे वयाचं नव्हे एवढं कळलं. मी ह्यांना म्हटलं, टांगा आणा. तुम्ही म्हणालात, "पुरुष डागदर मला बघणार न्हाय." मी म्हटलं, शाहूपुरीत डॉक्टरीणबाई आहेत, बाईच आहेत. तुम्ही म्हणालात, "न्हाय." आणि मग मी, जिनं तुमच्यापुढे मान वर करून कधी बघितलं नव्हतं, मी म्हटलं, "आत्याबाई, मी पंचमीला दोडका चिरलाय ते सगळ्या पेठेला ठाऊक झालंय. आता तुम्ही अशा गेलात तर मला ह्या घरात कोण राहू देणार हाय? माझ्यासाठी चला."  तुम्ही हात पुढं केलात, मी धरून उठवलं.

टांग्यात तुम्हाला बसता येईना. गुडघ्यांवर टेकून, मागच्या दांडीला धरून तुम्ही सगळा रस्ता काढलात, आणि ओळखीचं माणूस दिसलं की मान ताठ करायचात. डॉक्टरीणबाई तुमच्याहून लहान होत्या, पांढरी साडी, बारीक आवाज. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "लघवी कधीपासून तुंबलीय?"

"तुंबली कुठली बाई, सारखी गळतीया. सुकं म्हणून ऱ्हाईना."

"गळतेय कारण आत जागा राहिली नाही. पिशवी काठोकाठ भरलीय, वरचं वरचं सांडतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाणी तोडलं होतं का?" मी मान हलवली. "तोडू नका," एवढंच म्हणाल्या, रागावल्या नाहीत.

त्यांच्या नर्सनं रबरी नळी घातली. एक भांडं भरलं, तिनं नळी चिमटीत धरून दुसरं लावलं. तुमचं अंग सैल पडत गेलं. मी तुमच्या डोक्याशी उभी होते. तुमच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि तुम्ही माझा हात शोधत होतात, बहुतेक तो माझा आहे हे न कळता. "बरं वाटतंय गं," तुम्ही म्हणालात. "बया, बरं वाटतंय." तुम्हाला रडताना मी बघितलं ते तेवढंच.

डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावून सांगितलं. नागीण कातडीवर दिसते पण ती असते आत, नसांत. कण्याच्या अगदी खालच्या टोकाला ज्या नसा निघतात त्या कुल्ल्याला जातात, मांडीला जातात, लघवीच्या पिशवीला, शौचाच्या जागेला आणि पायाला जातात. तुमच्या त्याच नसा धरल्या गेल्या होत्या. म्हणून लघवी तुंबली, म्हणून पोट अडलं, म्हणून पाऊल ओढत होतं. मी विचारलं, बरं होईल का? त्या म्हणाल्या, "लघवीचं होईल असं वाटतं, महिना-दीड महिन्यात. पायाचं हळूहळू होईल, पण पुरतं होईल असं सांगत नाही. आगीचं मला सांगता येणार नाही. कुणाची जाते, कुणाची राहते. राहिली तर तिच्यावर माझ्याकडे औषध नाही." मग विचारलं, "घरात लहान मूल आहे का?" मी म्हटलं, हाय, तिला कांजिण्या आल्यात. "मग बरोबर. नागीण हे कांजिण्यांचंच भावंड. आजीकडून नातीला आल्या." मला राहवलं नाही. मी विचारलं, "पंचमीला भाजी चिरली तर हुतंय का असं?" त्या जरा हसल्या. "भाजी चिरून नागीण होत नाही, मुली. झाली असती तर मला सगळ्या कोल्हापुराला नळ्या घालाव्या लागल्या असत्या." तुम्ही टेबलावर पडून ऐकत होतात.  दोन दिवसांनी काकू भिंतीवरनं सुरू झाल्या, तेव्हा तुम्ही खाटेवरनंच आवाज दिलात, पहिल्यासारखा, रस्त्याच्या टोकाला जाणारा. "सुनंनं दोडका चिरला म्हणून मला नागीण झाली म्हणतीस, मग तुझा गुडघा धरलाय त्यो का? तू काय चिरलंतीस पंचमीला?" काकू उठून गेल्या. मी चुलीपुढे बसून तोंडात पदर घालून हसले. खूप दिवसांनी हसले.

आठवडाभर नर्स सकाळ-संध्याकाळ येऊन गेली आणि मग तिनं मला नळी घालायला शिकवलं. हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, नळी वेगळ्या पातेल्यात उकळायची, घाई करायची नाही. आत्याबाई, ते दिवस मला घटना म्हणून आठवत नाहीत, थकवा म्हणून आठवतात. उठते, चूल पेटवते, पातेलं ठेवते. पोरगी अंग खाजवून रडतेय. म्हशी ओरडतायत. नळी, भांडं, धोतराच्या घड्या, पुन्हा चूल. तुम्ही तोंडावर पदर घेऊन पडायचात. मी तुम्हाला जिथे हात लावत होते तिथे कुणी कुणाला हात लावावा असं आपल्या दोघींनाही वाटत नव्हतं. एकदा सकाळी मला घाई होती, पोरीला ताप होता, आणि माझा हात कठोर झाला. मुद्दाम नाही, पण झाला. तुम्ही पदर बाजूला केलात आणि माझ्याकडे बघितलंत. रागानं नव्हे. नुसतं बघितलंत आणि पदर पुन्हा ओढून घेतलात. सकाळी ह्यांनी बघितलं ते हेच.

दिवाळीच्या सुमाराला एका दुपारी परसातल्या मोरीतून तुमची हाक आली. मी धावत गेले, वाटलं पडलात. तुम्ही भिंतीला धरून उभ्या होतात आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "झाली गं. माझी मला झाली." पलीकडच्या घरातलं कुणीतरी विचारायला लागलं, काय झालं, काय झालं. तुम्ही सांगितलंतसुद्धा. त्या दिवशी तुम्हाला कशाचीच लाज वाटत नव्हती.

पायही बराचसा आला. उंबरा ओलांडताना तुम्ही आठवणीनं गुडघा वर उचलायचात, तेवढं राहिलं. राहिली ती आग. फोडांच्या जागी पांढरट डाग होते, दिसायला काही नाही, पण तिथे कापड टेकलं की तुमचा जीव कासावीस व्हायचा. काष्टा नेमका तिथूनच जातो आणि तिथेच खोचला जातो. तुम्ही पुन्हा पुन्हा प्रयत्न केलात. नेसायचात, चार पावलं टाकायचात, परत येऊन सोडायचात. शेवटी जुनं मऊ लुगडं गोल गुंडाळायला लागलात. "ह्या वयात रोगानं मला मास्तरीण केली," म्हणालात. कारण तेव्हा आपल्याकडे गोल नेसायच्या त्या शाळेतल्या बाई. बाहेर पडायचं तुम्ही कमी केलंत. मग एक दिवस ट्रंक उघडून तुमची इरकली लुगडी काढलीत, निळं, जांभळं, काठाला अजून खळ असलेलं, आणि माझ्यापुढे टाकलीत. "तूच नेस. नुसती कुजून काय करत्यात." मी घेतली. आनंदानं घेतली असं म्हणवत नाही. ती नेसून तुमच्यासमोरून जायला मला बरेच दिवस लागले.

उकिडवं बसणं तुम्हाला जमणार नव्हतं, तेव्हा धार माझ्याकडे आली. तुम्ही खुंटाला टेकून उभ्या राहून शिकवायचात. "वढू नगंस. दाब. वरनं खाली दाब. म्हस हाय ती, घंटा न्हवं." म्हशीनं मला दोनदा लाथाडलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही पुढं झालात, म्हशीच्या कपाळावर हात ठेवलात आणि तिच्याशी बोलायला लागलात, आणि तिनं पान्हा सोडला. पुढे कितीतरी महिने असंच चाललं. तुम्ही म्हशीच्या डोक्याशी उभ्या राहून बोलायचात आणि मी खाली बसून धार काढायची. तुम्ही तिला काय काय सांगायचात ते मी ऐकायची. आग कशी आहे, रात्र कशी गेली, सून कशी आहे. मला सांगायचं ते तुम्ही म्हशीला सांगत होतात की काय, हे मी तेव्हा विचारलं नाही.

बसता येत नसे म्हणून तुम्ही उभ्यानं जेवायचात. लग्नाच्या पंगतीत बसायचा नाहीत, तर लोक म्हणायचे, म्हातारीला गर्व झालाय. गगनबावड्याला तुमच्या लेकीकडे गेलो तेव्हा मोटारीत जागा रिकामी होती आणि तुम्ही दांडी धरून उभ्या. कंडक्टर म्हणाला, "आज्जी, बसा की, जागा हाय." तुम्ही म्हणालात, "तू बस. मला उभ्यानं डोंगार दिसतोय." सगळी मोटार हसली. मी तुमच्या शेजारी बसले होते आणि तुमचा दांडीवरचा हात बघत होते, त्याच्या शिरा वर आल्या होत्या.

रंकाळ्याची ती दुपार मला सगळ्यात जास्त आठवते. उन्हाळा होता, नागीण होऊन तीनेक वर्षं झाली असतील. मी पोरीला झोपवून उठले तर तुम्ही घरात नाही, गोठ्यात नाही. काकू म्हणाल्या, म्हातारी पाय ओढत रंकाळ्याकडे गेली, तोंड बरं दिसत नव्हतं. त्या आधी काही दिवस तुम्ही दोन-तीनदा म्हणाला होतात, ह्यापेक्षा मेलेलं बरं. मी चप्पल न घालता पळत सुटले. तापलेल्या फरसबंदीवर पाय भाजले ते मला घरी आल्यावर कळलं. तुम्ही पायऱ्या उतरून कमरेपर्यंत पाण्यात उभ्या होतात, हात दोन्ही बाजूंना पाण्यावर पसरलेले. मी वरनं हाक मारली. तुम्ही वळलात.

"काय जीव द्यायला आलो न्हाय मी," म्हणालात. "पाण्यात उभं ऱ्हायलं की आग जरा थांबतीया. एवढंच."

मी पायरीवर बसून राहिले.  तुम्ही पाण्यातच उभ्या, माझ्याकडे पाठ करून. पलीकडे कुणीतरी म्हशी धूत होतं. मग तुम्ही म्हणालात, "तू दमलीयास." मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "सकाळच्याला तुझ्या हातात राग असतोय. दुपारच्याला नसतोय."

तेव्हा मी तुमच्या पाठीला रोज तेल-कापूर लावायची, उठताना हात द्यायची, त्याबद्दल तुम्ही बोलत होतात. मला तोंड लपवावंसं वाटलं. मी म्हटलं, "चुकलं माझं, आत्याबाई."

"चुकलं म्हणून सांगितलं न्हाय," तुम्ही म्हणालात. "मला कळतंय, एवढं सांगितलं."

मग तुम्ही बाहेर आलात, ओल्या लुगड्यानं, आणि आपण सावकाश घरी आलो.  त्यानंतर उन्हाळ्यात मी तुम्हाला दुपारी रंकाळ्यावर न्यायला लागले. पायरीवर बसायची, तुम्ही पाण्यात उभ्या राहायचात. बायका हसायच्या, म्हशींबरोबर म्हातारीही डुंबते म्हणून. हसू देत. त्या पायरीवर बसून मला तेवढा वेळ काही करावं लागायचं नाही. तुम्ही लवकर बाहेर येऊ नयेत असं मला वाटायचं, आणि तुम्ही यायचा नाहीत.

आणखी काही वर्षं तुम्ही अशाच काढल्यात. मग एका थंडीत छातीत कफ झाला, ताप उतरेना. शेवटच्या दिवसांत तुम्ही आगीबद्दल बोलायचं सोडलं होतंत, म्हणून मला वाटलं, तापात ती निदान गेली. मी विचारलं, "आग हाय का, आत्याबाई?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "हाय की. ती कुठं जातीया." दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. बायका रडल्या, मीही रडले, आणि सगळं पार पडल्यावर मी जी झोपले ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले. ह्यांनी मला उठवलं नाही. पोरांना त्यांनीच दूधभात भरवला होता. त्यांचं माझ्यावर एवढं लक्ष असेल असं मला वाटलं नव्हतं.

आता ते पडून आहेत. माणूस चांगलं आहे, आत्याबाई, तुमच्यासारखा आवाज नाही, तक्रार नाही. सकाळी मी त्यांना वळवते, पुसते, चादर बदलते. माझं वय आता तुमच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे आणि माझी कंबरही सकाळी धरलेली असते. माझ्या हातात राग असतो. मला तो दिसतो, मी त्याला थांबवू शकत नाही, दुपारपर्यंत तो आपोआप जातो. त्यांना ते बोलून दाखवता येत नाही, पण कळत असणार. तुम्हाला कळत होतं. तुम्ही ते एकदाच बोलून दाखवलंत आणि पुढे इतकी वर्षं माझ्याच हातांखाली पडून राहिलात. मला तेव्हा विचारायला हवं होतं. कळल्यावर काय करायचात? आगीपेक्षा ते जास्त लागायचं का? की थकलेल्या माणसाचा हात थकलेलाच असणार म्हणून सोडून द्यायचात? ह्यांना मी काय समजू, हे मला दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. डॉक्टरला विचारलं तर तो रक्तदाब सांगेल.

हा कागद मी मुलांना दाखवणार नाही. ते घाबरतील आणि उगीच धावत येतील. चुलीत घालायला आता चूलही नाही, तेव्हा फाडून टाकीन.

ह्यांनी हाक मारली. तशी मघाशीही एकदा मारली होती, आगीपेक्षा ते जास्त लागायचं का, हे मी तुम्हाला विचारत होते तेव्हा. मला ऐकू आली होती. मी लिहीतच राहिले.